भाचीची तिसरी मागणी

बल्खाश, ६ सप्टेंबर

तुरार मामा,

बस आली की आधी ड्रायव्हरकडून मासे ताब्यात घ्या आणि मग हे पत्र वाचा. उलट केलंत तर मासे बसमधून परत आमच्याकडे येतील, आणि मग आई म्हणेल, बघ, त्याला आपले मासेही नकोत.

फोन सोडून पत्र का, असं तुम्ही मामीला विचारणार. मामा, फोनवर तुम्ही प्रत्येक गोष्टीला 'हो हो, बघू' म्हणता आणि मागून तुमच्या खेळातले रणगाडे धडधडत असतात. ते 'हो' मला असतं की रणगाड्याला, हे मला आजवर कळलेलं नाही. कागदावर रणगाडे येत नाहीत.

मामी म्हणाली, नवा लॅपटॉप आला. इतका दणकट की मांडीवर घेतला तर पायाला मुंग्या येतात, आणि त्याचे पंखे सुरू झाले की शेजारीण विचारते, दळण चाललंय का. अभिनंदन. मी आले की बघायची भेट घेऊन येईन, रिकाम्या हाताने नवी वस्तू बघणार नाही.

आता कामाचं. आल्माटीच्या एका खेळ बनवणाऱ्या कंपनीने मला डोंगर करायला दिले आहेत. खेळातले डोंगर, घोडेस्वार ज्यांच्यावरून दौडत जाणार तसले. वसंतापर्यंत माझे डोंगर पसंत पडले तर कायमची नोकरी, नाहीतर रामराम. आणि माझा आत्ताचा लॅपटॉप एक टेकडी काढतो आणि बेशुद्ध पडतो. नवा घ्यायलाच हवा, पण हात आखडता आहे. तुम्ही जन्मभर खऱ्या डोंगरांचे नकाशे काढलेत आणि निवृत्त झाल्यापासून लॅपटॉपांची पोटं उघडून बघता. दोन्हीतलं कळणारं आपल्यात दुसरं कोणी नाही. काय घेऊ?

आईने सलाम सांगितलेला नाही. पण माशांची डोकी तिने स्वतः बसून काढली. तुम्हाला ताटातून कोणी बघितलेलं आवडत नाही ना. मी विचारलं, कशाला काढलीस, तर म्हणाली, पिशवीत मावत नव्हते. पिशवी अर्धी रिकामी होती.

तुमची
अक्बोता


आल्माटी, १५ सप्टेंबर

उंटाच्या पिल्ला,

मासे आधी घेतले, पत्र नंतर वाचलं. मामा सांगितलेलं ऐकतो, हे घरात सांग. घरात म्हणजे ज्याला ऐकायचं असेल त्याला.

आता नीट वाच, कारण हे तुला दुकानदार सांगणार नाही. दुकानात गेलीस की तो लॅपटॉप उघडून तुला त्याचं तोंड दाखवेल. चकचकीत पडदा, रंगीत दिवे. तू म्हण, पालथा करा. माणसाचं तोंड बघावं, लॅपटॉपची पाठ. पाठ उघडते का, किती स्क्रूंवर उघडते, आणि स्क्रूवर कागदी टिकली चिकटवून 'ही फाडली तर हमी संपली' असं लिहिलंय का, हे आधी विचार.

पोटात दोन जातीच्या वस्तू असतात. एक मदरबोर्डला सोल्डर करून कायमच्या चिकटवलेल्या, दुसऱ्या खाचेत बसवलेल्या. प्रोसेसर आणि ग्राफिक्स चिकटवलेले. ते सासरसारखे, पदरी पडलं पवित्र झालं, पुढे बदलता येत नाही. म्हणून असेल नसेल तो पैसा तिथे घाल. रॅम आणि डिस्क खाचेतल्या. त्या आज कमी असल्या तरी बिघडत नाही, दोन वर्षांनी घालता येतात. पण तेही तपास, कारण हल्ली पातळ दिसावा म्हणून रॅमसुद्धा चिकटवून टाकतात. असा लॅपटॉप विकत घेतलास त्या दिवशी जेवढा शहाणा, मरेपर्यंत तेवढाच.

तेव्हा गरीब अंगाचा घे, पण आत रिकामी खाच असलेला. भरगच्च घर घेणाऱ्याला पाहुणा ठेवता येत नाही.

माझ्याचं विचारशील तर रॅमच्या दोन्ही खाचा भरलेल्या आहेत, बत्तीस-बत्तीसच्या दोन पट्ट्या. एवढी मला लागत नाही. पण माणसाचे सगळे घोडे काय बसायलाच असतात?

बघायला जरूर ये. मात्र बोट दाखवून काही मागू नकोस. भाचरांनी आजोळी तीनदा मागावं आणि आजोळाने तीनदा निमूट द्यावं, हे मला ठाऊक आहे. नाही म्हणणाऱ्याचा हात थरथरायला लागतो, असं म्हातारे म्हणायचे तेही ठाऊक आहे. पण सहा वर्षांची असताना तू माझी कोल्ह्याच्या कातड्याची टोपी मागितलीस. दिली. तुझ्या मांजरीने तिच्यात पिल्लं घातली. ती एक झाली. दोन उरल्या. जपून वापर.

तुझी आई अजून त्या हाडावरच अडून बसली आहे का? चार वर्षं झाली. आजोबांना जाऊन वर्ष झालं त्याचं जेवण, अंगणभर माणसं, सुरी माझ्या हातात. गडबडीत पुढच्या पायाचं हाड तुझ्या ताटात गेलं. लग्नाच्या मुलीला ते वाढत नाहीत, वाढलं तर ती घरी बसते, हे मला ती शिकवणार? पण हाड ते हाड. त्यासाठी भर पंगतीत धाकट्या भावाच्या हातातली सुरी काढून घ्यायची? छप्पन्न वर्षांच्या भावाच्या?

डोक्याशिवायचे मासे चवीला बरे लागतात. हे कोणाला सांगायची गरज नाही.

तुझा
तुरार मामा


बल्खाश, २ ऑक्टोबर

तुरार मामा,

घेतला. पालथा करूनच घेतला. दुकानदार म्हणाला, ताई, पडदा इकडच्या बाजूला असतो. मी म्हटलं, पडदा तुम्ही बघा, मला पाठ बघू द्या. शेवटी त्याने कंटाळून स्क्रू ड्रायव्हर माझ्याच हातात दिला.

अंग गरीब आहे. झाकण दाबलं की करकरतं. पण ग्राफिक्स तुम्ही म्हणालात तसं, सगळा पैसा तिथेच गेला. रॅम आठच आहे. शेजारी एक खाच रिकामी. मामा, ती इतकी रिकामी आहे की बघून कोणालाही दया यावी. मी काढलेला डोंगर कमरेपर्यंत येतो आणि तिथेच थांबतो. शिखरापुरती रॅम उरत नाही.

म्हणून भाचीच्या हक्काने मागते. तुमच्या दोन पट्ट्यांतली एक द्या. ही दुसरी मागणी.

जुळणार नाही, खाच वेगळ्या जातीची असेल, असं म्हणायला आता तुम्ही तोंड उघडलं असेल. मिटा. पट्ट्या एकाच पिढीच्या आहेत, खाचही तीच. तुम्ही आंघोळीला गेला होतात तेव्हा मामीने तुमच्या लॅपटॉपची पाठ उघडून मला फोनवर लेबल वाचून दाखवलं होतं. त्यानंतरच मी कोणता घ्यायचा ते ठरवलं. तुम्हीच लिहिलं होतंत ना, आधी तपास.

हाडाचं विचारलंत. आई अडलेलीच आहे. तुमचं नाव निघालं की ती धुतलेल्या सुऱ्या पुन्हा धुवायला घेते.

तुमची
अक्बोता


आल्माटी, ११ ऑक्टोबर

अक्बोता,

तुझ्या नावाचा अर्थ काही असो, आज उंटाचं पिल्लू म्हणणार नाही. लांडग्याचं पिल्लू.

तुझी मागणी मी शांतपणे वाचली, मग उभा राहून वाचली. ती बसत नाही. भाच्यांनी घोडा मागितला, शिकारी कुत्रा मागितला, बंदूक मागितली. घोड्याचं काळीज कोणी मागितलं नाही. चालत्याबोलत्या वस्तूचं पोट फाडून आतलं आतडं नेणं हा हक्क नाही, दरोडा आहे. मागायचं तर अख्खी वस्तू मागावी.

अख्खीही मागू नकोस. मी फक्त नियम सांगतो आहे.

शिवाय दोन पट्ट्या जोडीने धावतात. एक काढली की दुसरी लंगडते. म्हणजे तू एक मागून दीड नेतेस. मी नकाशे काढणारा माणूस आहे, मला क्षेत्रफळ कळतं.

सबब, पट्टी मिळणार नाही. पूर्वजांनी समजून घ्यावं.

तुझी मामी लॅपटॉप उघडते हे मला माहीत नव्हतं. इतकी वर्षं संसार केला, बाईने कधी मिक्सर उघडला नाही. हल्ली मी आंघोळ दार उघडं ठेवून करतो.

तुरार


आल्माटी, २८ ऑक्टोबर

अक्बोता बाळा,

हे पत्र मामीचं. तुझ्या मामाला माहीत नाही, तेव्हा उत्तर देऊ नकोस. दिलंस तर वाळवलेल्या चीजच्या पुडीत लपवून दे. ती पुडी तो उघडत नाही, त्याच्या दातांना झेपत नाही.

त्याचा हात थरथरतो आहे. 'नाही' लिहिलेलं पत्र बसवर देऊन घरी आला, खेळायला बसला आणि पहिल्याच लढाईत स्वतःच्या बाजूच्या रणगाड्यावर गोळा टाकला. दुसऱ्या दिवशीही तेच. माऊस हातातून निसटतो, नेम उजवीकडे धरला की डावीकडे जातो. त्याच्याबरोबर खेळणारी माणसं, कुठे कुठे बसलेली, कानात ओरडतात, म्हाताऱ्या झोपलास का. रोज संध्याकाळी तो हात दिव्यासमोर धरून बघतो. मला म्हणतो, बाल्झान, बघ गं, हलतोय का. मी म्हणते, बारीकसा. तू बघशील तर दगड हलेल पण तो हात हलणार नाही.

आता खरं सांगते. मी काहीही केलेलं नाही. फ्रीजरमधले तुझ्या आईचे मासे कापत होते, तेवढ्यात त्याच्या टेबलावरची धूळ दिसली. तशाच हाताने माऊस उचलून टेबल पुसलं, आणि माऊस पुसायचा राहिला. बल्खाशच्या माशाला चरबी किती असते ते तुला माहीत आहे. आणि मग रोजच टेबल पुसावंसं वाटायला लागलं.

बाळा, मला ती पट्टी-बिट्टी कळत नाही. मला एवढंच कळतं की मासे आले त्या दिवशी त्याने पिशवी उलटी करून झटकून बघितली, आत चिठ्ठी आहे का म्हणून. नव्हती. मग पिशवी घडी घालून कपाटात ठेवली. प्लॅस्टिकची पिशवी.

मी या घरात सून म्हणून आले तेव्हा मला चहासुद्धा ओतता येत नव्हता. पाहुण्याची वाटी काठोकाठ भरायचे. म्हणजे 'प्या आणि निघा' असं सांगायचे, आणि ते मला कळायचंही नाही. तुझी आई माझ्या मागे बसायची आणि वाटी अर्ध्याच्या वर गेली की कमरेला चिमटा काढायची. कोणाला दिसायचं नाही. सासूबाई म्हणायच्या, सून किती लवकर शिकली. आता चार वर्षं मी चिमट्याविना चहा ओतते आहे आणि अजून अर्ध्यावर आले की कंबर आपोआप सावध होते.

पट्टी येईल. मी आणखी दोन दिवस टेबल पुसते.

तुझी
बाल्झान मामी


आल्माटी, ३१ ऑक्टोबर

उंटाच्या पिल्ला,

बसने सफरचंदांची पेटी पाठवतो आहे. मधोमध रुमालात गुंडाळलेलं आहे ते सफरचंद नाही. चावू नकोस.

लोकरीचा स्वेटर अंगात असताना पट्टीला हात लावू नकोस. लोकरीतून ठिणगी उडते, तुला जाणवत नाही पण पट्टी मरते. आधी बॅटरीची तार सोडव. पट्टी तिरकी धरून खाचेत घाल, मग खाली दाब, दोन्ही बाजूंनी टक आवाज आला पाहिजे. नाही आला तर जोर करू नकोस, पुन्हा काढ. जोर करायची सवय तुझ्या आईकडची आहे.

पट्टी मी मनाने पाठवतो आहे. हाताचा काही संबंध नाही. पट्टी काढली आणि हात दुसऱ्या दिवशी थांबला हा योगायोग. बाल्झानने त्याच दिवशी माऊस साबणाने धुतला, तिलाही सुटल्यासारखं वाटलं असावं.

आता तुझी एकच मागणी उरली, आणि मला तिची झोपेतही चाहूल लागते. लॅपटॉपवर रुमाल घालून ठेवतो. पाहुणे आले की त्यावर चहाचा ट्रे ठेवतो. पुढचा घेईन तो असा घेईन की आत सगळंच्या सगळं चिकटवलेलं असेल, एक खाच म्हणून नाही. भाची आली तरी बोट घालायला जागा मिळता कामा नये. काय मागणार आहेस ते एकदा सांगून टाक, म्हणजे माणूस मोकळा होईल.

तुझ्या आईचा गुडघा कसा आहे? बाल्झान विचारते आहे.

तुझा
तुरार मामा


बल्खाश, १९ डिसेंबर

तुरार मामा,

टक आवाज दोन्ही बाजूंनी आला. डोंगरांना शिखरं आली. कंपनीतली बाई म्हणाली, हे डोंगर कुठे बघितलेत तुम्ही? मी सांगितलं, मामाच्या भिंतीवरच्या नकाशात, जेवताना. सोबत तीन चित्रं छापून पाठवते आहे. कुठे चुकलं असेल तर सांगा, आता वाईट वाटून घेण्याएवढी रॅम माझ्याकडे आहे.

दुसरी बातमी. मी लग्न करते आहे. तो कारागांदाचा आहे, नाव येलझास, रेल्वेचे सिग्नल दुरुस्त करतो. मितभाषी आहे. आईने पहिल्या दिवशी त्याला पाच वाट्या चहा पाजला आणि सहाव्याला त्याने 'पुरे' म्हणून वाटी पालथी घातली नाही, म्हणून पास केला. मुलीच्या पाठवणीचं जेवण मार्चच्या शेवटी, आमच्या अंगणात.

म्हणजे तुमच्या हाडाने काही झालं नाही. मी आईला तसं म्हटलंही. ती म्हणाली, चार वर्षं उशीर झाला तो कोणामुळे?

कोणाला बोलवायचं ते ती बोटांवर मोजत होती. आजोळच्या माणसांपाशी आली आणि बोट मुडपायचं थांबली. म्हणाली, 'त्याला वाटतं माझी मुलगी घरी बसणार. मग बसू दे त्यालाही घरी.' मी विचारलं, मांस कोण कापणार? म्हणाली, भाड्याने माणूस आणू. बाबा असते तर बाबांनी कापलं असतं, हे आम्हा दोघींपैकी कोणी बोललं नाही.

गुडघा दुखतो. मामीला सांगा.

तिसरी मागणी मी विसरलेली नाही.

तुमची
अक्बोता


आल्माटी, १४ जानेवारी

अक्बोता, माझ्या पिल्ला,

सुखी राहा. सिग्नल दुरुस्त करणारा माणूस चांगला, थांबायचं कधी हे त्याला कळत असणार. सासरी जाताना मान वळवून बघू नकोस असं सांगतात, पण तू बघ, मी काही कोणाला सांगणार नाही.

चित्रं बघितली. दुसऱ्या डोंगरात पाणी वर चढतंय. ओढा जिथे वळवलास तिथे खिंड उताराच्या उलट बाजूला आहे. बाकी तिसरं चित्र बाल्झानने भिंतीवर लावलं, माझ्या नकाशाशेजारी. ते बरं आहे. शिखर जरा जास्त टोकदार आहे, पण नवरीची टोपीही तशीच असते.

मार्चच्या शेवटी मी येऊ शकणार नाही. आमची रणगाड्यांची मोठी स्पर्धा त्याच दिवसांत आली आहे, आणि माझ्यावाचून संघ उभा राहत नाही. हे एका परीने बरंच झालं. तुझ्या आईला उगाच सुऱ्या धुवायला लागणार नाहीत.

म्हणून या बसने लॅपटॉपच पाठवतो आहे. अख्खा. तू मागायची वाट कशाला बघायची? चार्जर वेगळ्या पिशवीत आहे, विटेएवढा आहे, पायावर पाडून घेऊ नकोस. उरलेली पट्टी आतच आहे. दोन्ही जोडीने धावू देत. आहेर समज, तिसरी मागणी समज, काहीही समज. आता आपलं काही देणं राहिलं नाही.

बाल्झान म्हणते, डोक्याशिवायचं बरं असतं. माशांविषयी बोलत असावी.

तुझा
तुरार मामा


बल्खाश, ३ फेब्रुवारी

तुरार मामा,

लॅपटॉप परत येतो आहे. ड्रायव्हर म्हणाला, तुमचं मामा-भाचीचं मिटेपर्यंत माझी कंबर जाणार.

एक विचारू? लॅपटॉप इकडे, तर मार्चमध्ये रणगाडे कशावर चालवणार होतात, मामीच्या इस्त्रीवर? खोटं बोलताना तरी आधी पाठ तपासायची.

आणि नियमाचं म्हणाल तर मागण्याआधीच दिलेलं मोजत नाहीत. ते नुसतं देणं. माझी तिसरी मागणी अजून माझ्याजवळ आहे. आता मागते, नीट वाचा, उभं राहून वाचा.

सुरी घेऊन या. माझ्या पाठवणीचं मांस तुम्ही कापा.

आमच्या घरी बाबांच्या जागी खाच रिकामी आहे. भाड्याचा माणूस तिथे बसणार नाही, जोर केला तरी टक आवाज येणार नाही. तुमची जात जुळते, पिढीही तीच आहे. मी लेबल वाचलेलं आहे.

आईला मी सांगितलं की मागणी गेली. तिने विचारलं, काय मागितलंस? सांगितलं. तिच्या हातात कणीक होती, ती मळतच राहिली, मळून झाल्यावरही मळतच राहिली. मग म्हणाली, 'नाही म्हणाला तर हात थरथरेल त्याचा. आणि या वेळी सुरी असेल हातात.'

तुम्ही याल की नाही हे मला माहीत नाही, मामा. सगळ्या गमती मी लिहिल्या, पण हे खरंच माहीत नाही. तुम्ही आला नाहीत तर मी सासरी जाईन, डोंगर काढीन, सगळं होईल. फक्त तुमची टोपी ज्या मांजरीने नेली तिची नात अजून आमच्या दारात बसते, तिला काय सांगायचं ते कळवा.

तुमची
अक्बोता


बल्खाश, १ मार्च

तुरार,

बाल्झान म्हणाली तू येतोस.

दोन मेंढ्या आहेत आणि घोड्याचं मांस आहे. इथल्या सुऱ्या झिजल्या आहेत, तुझी आण. मी मागे उभी राहीन. प्रत्येक ताट जाण्याआधी मला दाखवायचं.

गुडघा बरा आहे. बाल्झान विचारत होती म्हणे.

कामशात

डोकी मी काढली ती पिशवीत मावत नव्हते म्हणूनच.


आल्माटी, १२ एप्रिल

उंटाच्या पिल्ला,

तू गाडीत बसून कारागांदाला गेलीस, त्यानंतरचं तुला कोणी सांगितलेलं नसणार. तुझी आई सांगणार नाही आणि बाल्झानला सांगताना हुंदके येतात, म्हणून मी सांगतो.

तुझ्यासमोर जे झालं ते तू बघितलंस. तुझ्या सासऱ्यांपुढे डोकं, जावयापुढे छातीचं मांस, विहिणीपुढे मागच्या पायाचं मोठं हाड. एकही चूक नाही. प्रत्येक ताट कामशातताईसमोरून गेलं. ती नुसती मान हलवायची. एकदा मी मुद्दाम मानेचं हाड, तेही मुलींना वाढत नाहीत, उचलून तुझ्या ताटाकडे नेल्यासारखं केलं, तर मागून बरगडीत कोपर बसलं. चार वर्षांनी बसलं. दुखलं नाही असं म्हणणार नाही.

तुम्ही गेल्यावर आम्ही घरची माणसं उरलेलं खायला बसलो. परातीत पुढच्या पायाचं ते हाड राहिलं होतं. ते मी सबंध दुपार पोळ्यांखाली दडवून ठेवलं होतं, नजरेला पडू नये म्हणून. ताईने पोळी उचलली. हाड वर आलं. सगळ्यांनी चावायचं थांबवलं. येलझासचा एक काका मागे राहिला होता, त्याला काही कळलं नाही, तो एकटाच चावत होता.

मी काही बोलायच्या आत तिने आपलं ताट माझ्यापुढे सरकवलं. म्हणाली, 'हे मला वाढ. मुलगी गेली. आता मलाच घरी बसायचंय.'

मी वाढलं. तिने हाडावरचं अर्धं मांस सोडवून माझ्या ताटात टाकलं आणि म्हणाली, 'तू पण बस.' मग बाल्झानने चहा ओतला, काठोकाठ भरला, मला तर वाटतं मुद्दामच. ताईचा हात मागून गेला आणि बाल्झान किंचाळली. काका घाबरून उठला. दोघी डोक्यावरच्या रुमालाचं टोक तोंडाला लावून बसल्या, का ते मला अजून कोणी सांगितलेलं नाही. बायकांचं काहीतरी असेल.

तुझी नोकरी कायम झाली हे कळलं. खिंड दुरुस्त केलीस ना?

माझा लॅपटॉप एका पट्टीवर थोडा लंगडतो. बाल्झान म्हणाली, दुसरी आणा, दुकान काय लांब आहे? गेलो होतो. पट्टी हातात घेतली, नीट बघितली, परत ठेवली. शेजारीच एक नवा पातळ लॅपटॉप मांडला होता, सुंदर, आत सगळं चिकटवलेलं. दुकानदार म्हणाला, साहेब, यातून कोणी काही काढू शकत नाही. मी म्हटलं, मग पाहुण्यांनी आमच्याकडे यावं कशाला? खाच रिकामीच ठेवली आहे. उद्या तुझ्या घरात कोणी आलं, आणि ते रांगत आजोळी आलं, तर त्याला हात घालायला जागा असावी. मोजणी पुन्हा एकपासून सुरू होईल, हे मला माहीत आहे. टोपी मात्र दुसरी घ्यावी लागेल.

ताई पुढच्या महिन्यात आमच्याकडे राहायला येते आहे, मासे घेऊन. बाल्झानने आत्तापासून सांगून टाकलंय की या वेळी मासे कापून झाल्याशिवाय माझ्या टेबलाजवळ येणार नाही. असं ती का म्हणाली, तुला काही कल्पना आहे का?

तुझा
तुरार मामा